पुळणीवरचा माग

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर फरशीत एक दगडी कासव असते. देवापुढे जाण्याआधी माणूस वाकून त्याच्या पाठीला हात लावतो, तो हात कपाळी नेतो आणि मग गाभाऱ्याकडे वळतो. दशावतारांतला हा दुसरा अवतार, मंदार पर्वत पाठीवर तोलून धरणारा. कोकण किनाऱ्यावर जाळ्यात कासव आले तर त्याला हळदकुंकू वाहून परत पाण्यात सोडण्याची पद्धत आहे, तीही याच श्रद्धेतून आलेली. त्यामुळे कोकणातल्या सागरी कासवांची गोष्ट सांगताना एक सोपे वाक्य नेहमी कानावर पडते: इथली माणसे कासवाला देव मानतात, म्हणून कासव वाचले. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. ज्या किनाऱ्यावर जाळ्यातल्या कासवाला कुंकू लागत होते, त्याच किनाऱ्यावर २००२पर्यंत कासवाची घरटी राजरोस उकरली जात होती. अंडी खाल्ली जात, विकली जात, आणि त्यात कोणाला पाप वाटत नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच गावात आणि कधी कधी एकाच घरात सुखाने नांदत होत्या. हे कसे शक्य झाले, आणि मग ते बदलले कसे, याचे उत्तर शोधल्याशिवाय आपल्या समुद्रातले दुर्मीळ होत चाललेले जीव कशाने वाचतात हे कळणार नाही.

श्रद्धेला हद्द असते. कूर्मावताराची कथा कासवाच्या पाठीची आहे, अंड्यांची नाही. जाळ्यात अडकलेला जीव डोळ्यांसमोर धडपडत असतो. त्याला डोळे असतात, देवळात हाताला ओळखीची झालेली ती पाठ असते. त्याला मारणे म्हणजे मूर्तीवर घाव घालणे. वाळूखालच्या पांढऱ्या, मऊ कवचाच्या शंभरेक गोळ्यांना असे रूप नाही. त्यांच्यापाशी आई नसते. सागरी कासवाची मादी अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते, ती त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाच्या हिशेबात हे समुद्राने आणून टाकलेल्या शिंपल्यांसारखे किंवा वाहून आलेल्या ओंडक्यासारखे होते. जो आधी पाहील त्याचे. कासवाचे काय करायचे ते श्रद्धेने सांगितले होते, अंड्यांबद्दल ती गप्प होती. म्हणून कोकणातल्या माणसावर दांभिकपणाचा शिक्का मारण्यात अर्थ नाही. त्याने आपली श्रद्धा मोडली नाही, त्या श्रद्धेची मर्यादाच तेवढी होती. मात्र जीवजातीचे भवितव्य ठरते ते याच गप्प राहिलेल्या जागेत. मोठी मादी वाचली पण तिची प्रत्येक वीण खणून नेली, तर किनारा एका पिढीत रिकामा होत नाही. तो हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता रिकामा होतो.

अंडी काढणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते, आणि माझ्या मांडणीचा सगळा भार याच गोष्टीवर आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येते ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे कासव. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्याच्या विणीचा हंगाम. ओडिशात लाखो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात, तसे इथे होत नाही. इथे एखादी मादी एखाद्या रात्री, एखाद्या पुळणीवर एकटीच येते. भरतीच्या रेषेच्या वर चढून मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवून अंगाने वाळू थोपटते, आजूबाजूची वाळू उधळून जागा लपवते आणि उजाडण्याच्या आत पाण्यात परतते. सकाळी मागे राहतो तो फक्त तिचा माग: वाळूवर उमटलेल्या दोन पट्ट्या, एक वर चढतानाची, एक खाली उतरतानाची. वारा सुटला किंवा भरती आली की तोही पुसला जातो. अंडी काढणारा माणूस म्हणून पहाटे निघायचा. चढतीचा माग कोणता, उतरतीचा कोणता, मादी कुठे थबकली, कुठे वळली, कुठे नुसतीच खणून अंडी न घालता परतली, हे तो पायाखालच्या खुणांवरून ओळखायचा. मग उधळलेल्या वाळूत काठी टोचून बघायचा. जिथे काठी सहज आत जाते, तिथे घरटे. कुत्री आणि कोल्हे वासावरून हेच करतात, आणि माणसाला त्यांच्या आधी पोचावे लागते. कोणत्या चांदण्याला, कोणत्या भरतीला, पुळणीच्या कोणत्या टोकाला मादी चढते, याची ही माहिती कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती होती अंडी काढणाऱ्याच्या पायांत.

या धंद्याचा कागद कोकणात मागे राहिला नाही, आणि त्याचे कारण ओडिशाकडे पाहिले की समजते. गहिरमाथ्याला अंडी होड्या भरभरून निघत, त्यामुळे सत्तेला तिथे वाटा दिसला. कनिकाच्या जमीनदारीत त्यावर ‘अंडाकर’ घेतला जाई, आणि पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारी परवान्यावर अंडी गोळा होत राहिली. रॉबर्ट बस्टर्ड हे मगरींच्या कामासाठी आलेले शास्त्रज्ञ १९७४मध्ये गहिरमाथ्याला पोचले आणि तिथल्या सामूहिक विणीची जगाला ओळख झाली, तेव्हा ती स्थानिक लोकांना आणि परवाना देणाऱ्या कारकुनांना केव्हाचीच ठाऊक होती. ज्याला आपण शोध म्हणतो तो बऱ्याचदा असाच असतो: ज्यांना माहीत होते त्यांना कोणी विचारलेले नसते. कोकणात मात्र अंडी टोपलीभरच निघत, ती गावात किंवा जवळच्या बाजारात संपत, आणि एकट्या माणसाच्या पहाटेच्या फेरीवर कर बसवायला कोणी आले नाही. जिथे कर नाही तिथे दप्तर नाही. कोकणातला हा व्यवहार दप्तरात दिसत नाही म्हणून तो नगण्य होता असे मानणे चूक ठरेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. श्रद्धा अपुरी होती हे मान्य, पण कायदा तर होता. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा सागरी कासवांना पहिल्या अनुसूचीत ठेवतो, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याची शिकारीची व्याख्याही कच्ची नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे, त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, हेही तीत शिकार म्हणून धरले आहे. जे श्रद्धेने सांगितले नव्हते ते कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले होते. मग कासव वाचवण्याचे श्रेय कायद्याला का देऊ नये? उत्तर तारखांमध्ये आहे. कायदा पुस्तकात असतानाच वर्षानुवर्षे कोकणातली घरटी उकरली जात होती. ओडिशात कायद्याच्या मागे सरकारची ताकद उभी राहिली, कारण तिथे राखायच्या जागा मोजक्याच होत्या आणि हंगामातल्या थोड्याच रात्री महत्त्वाच्या होत्या. कोकणात घरटी विखुरलेली. जंगल राखायला शिकलेला वनरक्षक भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून रोज पहाटे पन्नास पुळणी कशा फिरणार? आणि फिरला तरी त्याला माग वाचता यायला हवा. कायद्याने गुन्हा कोणता ते ठरवले, पण घरटे कुठे आहे ते कायद्याला दिसत नव्हते. जे दिसत होते ते फक्त गुन्हा करणाऱ्यालाच.

२००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर फिरत होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, म्हणजे बाणकोटच्या खाडीलगतच्या, नाना फडणवीसांच्या मूळ गावी, त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कळले की कासवे इथे येतात आणि त्यांची घरटी खणून नेली जातात. यानंतर त्यांनी काय केले यापेक्षा काय केले नाही ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्यांनी फलक लावून थांबण्यावर समाधान मानले नाही, आणि अंडी काढणाऱ्यांची नावे देऊन ते मोकळेही झाले नाहीत. ज्यांना घरटी सापडतात त्याच गावकऱ्यांना हाताशी धरले आणि घरटी शोधण्याचे काम दिले. पुळणीवर भरती पोचणार नाही अशा जागी कुंपण घालून हॅचरी केली. सकाळी माग दिसला की काठी टोचायची, घरटे उघडायचे, अंडी न उलटवता काही तासांच्या आत हॅचरीतल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. न उलटवण्याला कारण आहे. थोड्याच वेळात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडे फिरवले तर तो मरतो. मग पंचेचाळीस ते साठ दिवस राखण करायची, आणि पिल्ले वर आली की त्यांना समुद्राच्या दिशेने सोडायचे. पहिल्याच हंगामात दोन हजारांहून जास्त पिल्ले पाण्यात गेली. हातातली काठी तीच राहिली. ती टोचणाऱ्याला आता अंड्यांऐवजी मजुरी मिळत होती.

राखण हा शब्द कोकणाला नवा नाही. आंबा मोहोरला की बागेला राखणदार लागतो, भात पिकले की शेताला, गावाला तर राखणदार देवच असतो. राखण म्हणजे उपदेश नव्हे. राखण म्हणजे हंगामापुरते कोणाला तरी जागे राहायला लावणे आणि त्याच्या जागेपणाची भरपाई करणे. माझे म्हणणे असे की कोकणातले कासव श्रद्धेने वाचले नाही आणि दंडाच्या भीतीनेही वाचले नाही. पुळणीवरची वीण आंब्याच्या मोहोरासारखीच राखणीची वस्तू झाली, तेव्हा ते वाचू लागले. श्रद्धेने या कामाला घरात अडथळा येऊ दिला नाही, कायद्याने मागे आधार दिला, हे खरेच. पण त्या दोहोंच्या मधली जागा भरली ती रोजच्या मजुरीने आणि रोजच्या पायपिटीने. यावर कोणी म्हणेल, ही तर चोराच्या हाती किल्ली दिली, शिवाय वर त्याला पैसे दिले. मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. अंडी काढणारा गावातला सधन माणूस नव्हता. समुद्रावर त्याचा ट्रॉलर नव्हता, डोंगरावर त्याची कलमांची बाग नव्हती. पुळण ही त्याच्या वाट्याला आलेली एकमेव सामायिक जमीन होती आणि तिच्यावरचे त्याचे ज्ञान ही त्याची एकमेव भांडवली वस्तू. ती एका झटक्यात गुन्हा म्हणून जप्त करायची आणि तिच्या बदल्यात काही द्यायचे नाही, यात कोणता न्याय? शिवाय हा व्यवहाराचाही प्रश्न आहे. त्याला तुरुंगात पाठवले असते, तर घरटी ओळखणारा उरला असता फक्त कोल्हा.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. पैशावर उभी राहिलेली राखण पैसे थांबले की कोसळते, आणि पैसे वाढले की बिघडते. वेळासला २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला. पुण्या-मुंबईची माणसे पिल्ले पाहायला येऊ लागली, गावातल्या घरांतच त्यांची राहण्याची आणि जेवणाची सोय होऊ लागली, आणि कासवाचा पैसा राखणदारापुरता न राहता घराघरांत पोचला. पुढे आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, दिवेआगर, गुहागर, गावखडी, अशी गावे या कामात येत गेली आणि वनविभाग व कांदळवन कक्षाने त्याची सूत्रे हाती घेतली. हे वाढणे चांगले, पण धोका खरा आहे. गोव्यातल्या मोरजीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तिथल्या गावकऱ्यांनी १९९०च्या दशकातच घरटी राखायला सुरुवात केली होती, म्हणजे वेळासच्याही आधी. पण पर्यटन वाढले तसे पुळणीवर शॅक आले, आरामखुर्च्या आल्या, रात्रभर जळणारे दिवे आले. मादी उजेड आणि वर्दळ पाहून परत फिरते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यावरच्या फिकट उजेडाऐवजी हॉटेलच्या दिव्याकडे चालू लागते. कासव पाहायला येणारा पाहुणा वेगळा आणि समुद्र पाहायला येणारा वेगळा. पहिल्याच्या पैशाला कासव टिकणे गरजेचे असते, दुसऱ्याच्या पैशाला नसते. म्हणून वेळासचा पैसा आणि मोरजीचा पैसा एकाच तागडीत घालता येत नाही. पैसा वाईट हा निष्कर्ष यातून निघत नाही. कोणाचा पैसा, कोणाच्या हाती, आणि कशाच्या मोबदल्यात, हे दर हंगामाला तपासावे लागते एवढा निघतो. वेळासला ते तपासले गेले कारण पाहुणे गावकऱ्यांच्या घरांत उतरत होते, बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टात नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र मी मोडून काढणार नाही, कारण तो बरोबर आहे. पुळणीवर कितीही राखण केली तरी कासव मरते समुद्रात. त्याला फुप्फुसे आहेत, श्वासासाठी वर यावे लागते, आणि तास-तास ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात अडकले की ते बुडून मरते. हळदकुंकवाची पद्धत रापणीसारख्या हाताने ओढायच्या जाळ्यांच्या काळातली. जाळे किनाऱ्याला आले की त्यात काय आहे ते दिसायचे आणि जीव जिवंत असायचा. यांत्रिक ट्रॉलने श्रद्धा मोडली नाही, तिची वेळच काढून घेतली: कासव डेकवर येते तेव्हा त्याला सोडण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. यावर टेड नावाचे उपकरण आहे, जाळ्याच्या मानेत बसवायची लोखंडी जाळी आणि कासवाला बाहेर पडायची फट. अमेरिकेने हे उपकरण न वापरणाऱ्या देशांच्या कोळंबीवर बंदी घातली. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड हे देश त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, आणि १९९८मध्ये अमेरिकेची अंमलबजावणी भेदभावाची ठरली. तरी मूळ प्रश्न मिटला नाही. २०१९मध्ये भारताच्या समुद्रातल्या कोळंबीवर अमेरिकेची बंदी पुन्हा आली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना सोयीचे टेड तयार केले, तरी मच्छीमाराचा एक आक्षेप कायम राहिला: त्या फटीतून कासवाबरोबर माझी मासळीही जाते. हा आक्षेप कांगावा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण वेळासच्या अनुभवाने शिकवले ते हेच की नुकसान कोणाच्या पदरी पडते ते आधी मोजा.

महाराष्ट्र सरकारने २०१८च्या डिसेंबरात घेतलेला निर्णय मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव, मग ते कासव असो, डॉल्फिन असो की ठिपक्यांचा महाकाय व्हेल शार्क, जाळे कापून सोडला, तर फाटलेल्या जाळ्यापोटी कमाल २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून मच्छीमाराने सोडतानाचे छायाचित्र द्यायचे. गुजरातने ही वाट आधी चोखाळली होती. वेरावळच्या परिसरात व्हेल शार्कची शिकार आधी नावांना चोपडायच्या तेलासाठी आणि नंतर मांसाच्या निर्यातीसाठी होत असे. २००१मध्ये कायद्याने ती बंद झाली, २००४पासून मोरारीबापूंनी त्या माशाला ‘व्हाली’ म्हणून माहेरी आलेल्या लेकीचे नाते दिले, आणि जाळे कापणाऱ्याला भरपाई मिळू लागली. माहेरवाशिणीची ही उपमा आपल्याकडे कासवाच्या बाबतीतही वापरतात. ती मनाला भिडते, पण तिने एक गोष्ट झाकली जाऊ नये. लेक माहेरी येते तेव्हा माहेरचा खर्च होतो, आणि तो खर्च कोणीतरी उचलतो. एका फाटलेल्या जाळ्याची किंमत लहान होडीवाल्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी असते. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, तर उपमा तशीच राहील आणि जाळे कापणारा हात थांबेल.

हॅचरीवरही आज शास्त्रज्ञ नीट प्रश्न विचारतात. कासवाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, वाळू जास्त तापली तर सगळ्या माद्याच निपजतात. म्हणून हॅचरीवर सावली करावी लागते, आणि जिथे शक्य आहे तिथे घरटे हलवण्याऐवजी जागेवरच राखावे असे म्हटले जाते. जागेवर राखणे म्हणजे प्रत्येक घरट्यापाशी माणूस असणे, म्हणजे हॅचरीहून जास्त राखणदार. आपली कासवे किती दूरवर पोचतात हेही आता दिसू लागले आहे. २०२२मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली, त्यांतली पहिली, प्रथमा, वेळासची. पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोघींना यंत्रे बसवली, आणि त्यांतली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. तोवर पूर्व किनाऱ्याची कासवे आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी असावीत, असाच समज होता. मग २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर एक मादी अंडी घालायला चढली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला धातूची एक पट्टी होती, आणि तिच्यावर आकडा होता ०३२३३. ती पट्टी २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर, सामूहिक विणीच्या वेळी, तिच्या पायाला लावलेली होती. गुहागरला तो आकडा वाचला गेला, कारण त्या हंगामातही पुळणीवर राखणीला माणूस होता.